ओ देणारा

१

मेडशीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून, भगवंतरावांचं दीड एकर वावर होतं. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, एका अंगाला वालाचा मांडव, आणि धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, शेजारच्या ग्यानबाची तूर, उभा माणूस दिसू नये एवढी वाढलेली. वावरातच टिनाचं दोन खोल्यांचं घर. त्यात भगवंतराव आणि त्यांची मुलगी रुचिका अशी दोघंच राहायची. भगवंतराव त्रेसष्ट वर्षांचे, रुचिका एकोणतीस.

सकाळी भगवंतराव वाफ्यात उतरले की थोड्या वेळाने घरातून हाक यायची.

"बाबा?"

"आहो," भगवंतराव म्हणायचे.

मी आहो, इथंच आहो, कुठं गेलो नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग घरात भांडं वाजायचं, झाडू फिरायचा. दहा मिनिटं जायची, फार तर पंधरा. पुन्हा "बाबा?", पुन्हा "आहो".

रुचिका विसाव्या वर्षी आजारी पडली. वाशिमला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी तिला वाटायचं, आपल्या मनातलं वर्गातल्या सगळ्यांना ऐकू जातं. पुढे ती स्वतःच्या हाताकडे पाहत बसायची आणि हा हात कोणाचा म्हणून विचारायची. औषधांनी पुष्कळ फरक पडला. ती स्वयंपाक करू लागली, फोन घेऊ लागली. एक गोष्ट मात्र राहिली. खोलीत एकटी असली की आपण आहोत की नाही हे तिचं तिला कळायचं नाही. बाबा ओ देतात, म्हणजे हाक मारणारी कोणी तरी आहे, म्हणजे मी आहे, असं तिनं ते धरून ठेवलं होतं. ओ यायला उशीर झाला की ती भिंती चाचपायची, मग स्वतःचा चेहरा. मग तिच्या पाठीला पाठ लावून बसावं लागायचं, कधी तासभर. समोरून कोणी जवळ घेतलेलं तिला सोसत नव्हतं. पाठ चालायची.

म्हणून भगवंतरावांनी उशीर करणंच सोडलं. तोंडात घास असला तरी ओ, अंगावर पाणी घेताना ओ, तापात पडलेले असताना ओ. नऊ वर्षांत ते कोणाच्या लग्नाला मुक्कामी राहिले नव्हते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "काय करता, पोरीले मी लागतो." तक्रार म्हणून नाही. माणूस आपल्या गावाचं नाव सांगतो, तसं.

२

डिसेंबरातली सकाळ होती. पानांवर दव होतं. भगवंतराव मेथी उपटून जुड्या बांधत होते, सुतळीचं एक टोक दातांत, दुसरं जुडीभोवती. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. तशी ती नऊ वर्षांत कधी पुरी झालीच नव्हती, पण त्या सकाळी थकवा डोळ्यांवर नव्हता, हाडांत उतरला होता.

"बाबा?"

त्यांनी ऐकलं आणि ओ दिली नाही. राग नव्हता, कंटाळाही म्हणता येणार नाही. एक हाक, फक्त एक, अशीच वाऱ्यावर जाऊ द्यावी, पुढची घेऊ, असं त्यांच्या मनात आलं.

"आहो," असा आवाज वालाच्या मांडवातून आला.

घरात भांडं वाजलं. झाडू फिरू लागला.

भगवंतराव हातातली जुडी तशीच धरून बसून राहिले. आवाज त्यांचाच होता. तरुणपणी ओढलेल्या बिड्यांची जी खरखर शेवटच्या अक्षराला लागायची, तीसुद्धा होती. पहिला विचार सरळ आला. आपणच बोललो. जीभ नऊ वर्षं एकच शब्द म्हणत आली आहे, तिला आता आपल्याला विचारायची गरज उरली नसेल. घरची वाट धरलेल्या बैलाला हाकावं लागत नाही, तसं. मांडवातून आल्यासारखं वाटलं ते वाऱ्यामुळे.

हे पटण्यासारखं होतं, आणि पटलंही. फक्त सुतळीचं टोक अजून दातांत होतं आणि दात घट्ट मिटलेले होते.

ते उठून मांडवाकडे गेले. वेलाखाली हिरवी सावली होती, तिच्यात उन्हाचे बारीक ठिपके हलत होते. एका ठिकाणी वाळलेली पानं दबली होती, कोणी बराच वेळ बसून उठावं तशी. कुत्रं बसलं असेल. भगवंतरावांनी पायाने पानं सारखी केली आणि परत येऊन कामाला लागले. पुढच्या हाकेला त्यांनी इतक्या घाईने ओ दिली की रुचिकाने आतून विचारलं, काय झालं म्हणून.

३

त्या आठवड्यात दोघं वाशिमला दाखवायला गेली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या, पण ऐकून घ्यायच्या. रुचिकाने त्यांना आपणहून सांगितलं की हल्ली बाबा लवकर ओ देतात, कधी कधी तर हाक पुरी व्हायच्या आत. तिचा चेहरा निवळलेला होता. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

रुचिका बाहेर जाऊन बसल्यावर भगवंतरावांनी विचारलं, मी बोललोच नाही आणि तिला माझा आवाज आला, असं होऊ शकतं का?

"होऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जो माणूस सगळ्यात जवळचा, त्याचा आवाज मन पुष्कळदा उसना घेतं. त्या आवाजाने तिला बरं वाटत असेल तर लगेच त्याच्याशी भांडू नका. मला मात्र सांगत राहा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मूल आधी दुसऱ्याच्या नजरेत स्वतःला पाहतं. उचलून घेणारे हात गेले तरी परत येतात, ही खात्री पटली की हात नसतानाही ते स्वतःला सावरायला शिकतं. ज्याची खात्री कच्ची राहिली, त्याला पुढे असा आजार झाला तर स्वतःची कड सापडणं जड जातं. मी इथं संपले आणि समोरचा इथं सुरू झाला, ही कड. आजार त्यामुळेच होतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. स्वतःला दोष लावून घेऊ नका, म्हणाल्या.

लहानपणी रुचिका कोणापाशी होती, असं त्यांनी विचारलं. भगवंतरावांनी सांगितलं. रुचिकाच्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा पोर तीन वर्षांची होती. दवाखाने करायचे होते, म्हणून तिला धनजला थोरल्या बहिणीकडे, हौसाबाईकडे ठेवलं. आई काही वाचली नाही. रुचिकाला परत आणलं तेव्हा ती सात वर्षांची झाली होती आणि पहिले सहा महिने ती त्यांना "तुमी" सोडून कोणत्याच नावाने हाक मारत नव्हती.

"ठेवलं तेव्हा तिला सांगितलं होतं?"

"समजावून सांगतलं होतं," भगवंतराव म्हणाले.

त्यांना आणखी एक विचारायचं होतं. तो आवाज घरातल्या दुसऱ्या माणसालाही ऐकू येतो का? पण बाहेर बरीच माणसं खोळंबली होती, आणि प्रश्न असा होता की तो विचारला की आपल्याही नावाची एक फाईल उघडेल असं त्यांना वाटलं. ते उठले.

४

त्यानंतर भगवंतरावांनी एक गोष्ट केली, जी कोणालाच सांगितली नाही. त्यांनी ओ देणं कमी केलं.

आधी एक हाक सोडली. मांडवातून ओ आली. दुसऱ्या दिवशी दोन सोडल्या. कधी मांडवातून, कधी तुरीच्या बाजूने, पण ओ यायचीच, आणि कधीही जवळून नाही. ते पाहायला गेले नाहीत. पाहिलं असतं तर काय ते ठरवावं लागलं असतं, आणि ठरवलं असतं तर कदाचित ते थांबलं असतं. ते थांबू नये असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा शब्दांत मांडलं नाही.

आठव्या दिवशी ते दुपारी बाजेवर आडवे झाले आणि दोन तास झोपले. उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, आणि आपल्याला हे सुख कोणी दिलं याचा विचार मनात आला तसा त्यांनी तो बाजूला सारला. पुढे ते मेडशीला जाऊन सलूनात बसून दाढी करून आले. एकदा जवळच्या मालेगावला खत आणायला गेले आणि घाई न करता परतले. रुचिका एकटी राहिली. काही झालं नाही.

उलट ती सुधारत होती. वेणी घालू लागली. भाजी निवडायला बाहेर येऊन बसू लागली. जेवण झालं की मांडवात जाऊन बसायची, वेलाखाली, रस्त्याकडे तोंड करून. एकदा तिकडून तिचं हसणं ऐकू आलं. भगवंतराव पाण्याचा पाइप धरून उभे होते. ते हसणं त्यांनी किती वर्षांनी ऐकलं ते त्यांना आठवेना. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मानेवरून थंड काही तरी सरकलं, कारण ती कोणाच्या तरी बोलण्यावर हसली होती.

एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की आज दिवसभर त्यांना कोणी हाक मारलेली नाही. म्हणजे हाका झाल्या होत्या, पण त्या त्यांच्यासाठी नव्हत्या. सकाळपासून ते एक शब्दही बोलले नव्हते. मेडशीच्या हॉटेलात ते गल्ल्यापाशी उभे राहिले होते, हॉटेलवाल्याने मागून आलेल्या दोघांना चहा दिला आणि मग एकदम दचकून, तुम्ही कधी आले, असं विचारलं. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. तसं होतं कधी कधी.

५

मकर संक्रांत झाल्यावर हौसाबाईचा धनजहून फोन आला. बहीण सत्तरीची, एरवी गुडघ्यांचं आणि सुनेचं बोलणारी. त्या दिवशी तिचा आवाज ओला होता.

"भगवंता, काल तू बोलला ते बरं केलं. इतके वर्ष झाले. मले वाटे, तू मले बोल लावतं मनातल्या मनात."

काल कधी, असं भगवंतरावांनी विचारलं.

दुपारी, ती म्हणाली. घरच्या फोनवर लावला तर तूच उचलला. किती वेळ बोलला. रुचिकाच्या लहानपणचं सगळं. तू रडला, भगवंता, आता विसरला का?

काल दुपारी भगवंतराव मालेगावला बियाण्याच्या दुकानात होते. घरचा फोन घरीच होता. त्यांनी तसं काही बहिणीला सांगितलं नाही. वय झालं, स्वप्न आणि जागेपण तिचं मिसळत असेल, असं त्यांनी ठरवलं. जीवाला जप म्हणाले आणि फोन ठेवला. मग घरच्या फोनवर आलेले कॉल पाहिले. कालच्या दुपारचा हौसाबाईचा कॉल होता. एकतीस मिनिटांचा.

रुचिकाने उचलला असेल. रुचिकाला आवाज काढता येत असतील. नऊ वर्षं एकच आवाज ऐकणाऱ्या माणसाला तो का येऊ नये? हे त्यांना इतकं बरोबर वाटलं की ते बाजेवर बसले आणि त्यांना रडू येता येता राहिलं. पण हौसाबाई लहानपणच्या ज्या गोष्टी म्हणत होती, त्या रुचिकाला कोण सांगणार?

ते बाहेर आले. वावरात कोणी नव्हतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आहो." मग जरा मोठ्याने. शब्द पोकळ निघाला. दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्याची नक्कल करावी आणि ती जमू नये, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनाशी धरलं की आता प्रत्येक हाकेला आपणच ओ द्यायची. ही माझी पोर आहे. दम लागला होता, तो घेऊन झाला. ते मेथीत बसून वाट पाहत राहिले, शाळेत उत्तर द्यायला उभा केलेला मुलगा असावा तसे.

"बाबा?"

"आहो," भगवंतराव म्हणाले. त्याच क्षणी मांडवातूनही आलं.

घरात बराच वेळ कसलाच आवाज झाला नाही. मग रुचिका दारात आली. ती भगवंतरावांकडे पाहत नव्हती, मांडवाकडेही नाही, दोन्हींच्या मधल्या रिकाम्या वाफ्याकडे पाहत होती. तिचा हात स्वतःच्या गालावर गेला होता आणि बोटं गाल चाचपत होती.

"दोघं नका बोलू," ती म्हणाली. "मले कळत नाही मंग."

भगवंतरावांना ते पाहवलं नाही. त्या दिवशी पुढच्या हाकेला ते गप्प राहिले.

६

औषधं संपत आली म्हणून ते एकटेच वाशिमला गेले. डॉक्टरीणबाईंनी रुचिकाला का आणलं नाही असं विचारलं, पुढच्या खेपेला नक्की आणा म्हणाल्या. भगवंतरावांनी हो म्हटलं. आज सगळं सांगून टाकायचं असं ठरवून ते गेले होते, पण खुर्चीवर बसल्यावर बोलायचे कष्टच नको वाटले. औषधांच्या गोळ्या आणि फाईल कापडी पिशवीत घालून ते परतीच्या एसटीत बसले आणि तीनच्या सुमारास वावराजवळ उतरले.

धुऱ्यावर आले तेव्हा मांडवात बोलणं चाललं होतं.

आवाज खालचा होता, सावकाश, कोणी खूप दिवसांचं साठलेलं एकेक करून बाहेर काढावं तसा. त्यांचाच आवाज. दवाखान्याचं सांगत होता, रुचिकाच्या आईचं. मग म्हणाला, "तुले समजावून ठेवलं असं मी सगळ्याइले सांगत आलो. नव्हतं सांगतलं. तू झोपली होती. हौसाबाईच्या मांडीवरून उचलून तुले गोधडीवर ठेवलं, चपला हातात घेतल्या आन निंगालो."

भगवंतराव धुऱ्यावरच थांबले. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मरणाऱ्या बायकोलासुद्धा नाही.

"माहीत आहे," रुचिका म्हणाली. "मी जागी होती. डोये मिटून ठेवले होते."

"काहून?"

"उघडले असते तं तुमी गेलेले दिसले असते."

भगवंतराव मांडवापाशी येऊन वेलाच्या पानांतून पाहत होते. रुचिकाची बाजू दिसत होती. तिची पाठ दुसऱ्या एका पाठीला टेकलेली होती. चौकडीचा शर्ट, मानेवर पिकलेले केस, पुढे झुकलेला खांदा. माणूस स्वतःची पाठ कधी पाहत नाही, तरी त्यांना ती ओळखू आली. शर्ट त्यांनी आत्ता अंगात घातला होता तोच होता.

रस्त्यावर एक ट्रक गेला. त्यांची नजर हलली असेल, क्षणभरच. पुन्हा पाहिलं तर मांडवात रुचिका एकटी होती. पण ती तशीच मागे रेललेली होती, टेकायला काही नसताना माणूस पडेल इतकी मागे, आणि ती पडत नव्हती.

ते आत शिरले. ती पडेल एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तिच्या मागे जाऊन ते पानांवर बसले, पिशवी गुडघ्यापाशी ठेवली, आणि तिच्या पाठीला पाठ लावली. पानं गरम होती.

रुचिकाने पाठ जरा सैल सोडली. मग म्हणाली, "तुमी लय थकले, बाबा."

"नाही वं."

"थकले. मले कळते." तिच्या आवाजात राग नव्हता. इतकी शांत ती नऊ वर्षांत झाली नव्हती. "जायचं असन तं जा. पण यावेळी सांगून जा."

कुठं जातो मी, हे वाक्य भगवंतरावांच्या तोंडात तयार होतं. हजार वेळा म्हटलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण ते वाक्य वर येईना, इतकं ते जड झालं होतं. वर आलं ते दुसरंच.

"जातो मी, रुचिका."

"बरं," ती म्हणाली. "या."

वाळलेल्या पानांवर चपला वाजल्या. भगवंतरावांनी मान वर केली. मांडवातून बाहेर पडून एक माणूस धुऱ्यावरून रस्त्याकडे चालला होता. चौकडीचा शर्ट, पुढे झुकलेला खांदा, हातात कापडी पिशवी. भगवंतरावांनी गुडघ्यापाशी चाचपलं. हाताला नुसती पानं लागली.

त्या माणसाला थांबवावं असं त्यांना वाटलं. पण हाक कोणत्या नावाने मारायची ते सुचेना. नाव घशाशी होतं, पण ते एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं असावं आणि आपण ते घेऊ नये, असं वाटून राहिलं. अकोल्याकडे जाणारी एसटी आली. माणसाने हात केला. दांडी धरून त्याने एक पाय पायरीवर ठेवला, दम घेतला, मग दुसरा. मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं आणि गाडी निघाली.

त्यांच्या पाठीला रुचिकाची पाठ होती, उबदार, श्वासाने सावकाश हलणारी.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"कोणी तरी म्हातारा होता. लय थकेल होता."

"सांगून गेला?"

मांडवाच्या सावलीत ते क्षणभर आठवत राहिले.

"हो," ते म्हणाले. "सांगून गेला."